पुंजण्याची आग आणि कायद्याचा तराजू

(भामरागड येथें शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें केलेलें भाषण)



आज आम्हांस कायद्यावर बोलावयास सांगितलें आहे. कायद्याचें नांव निघालें कीं आपले लोक हळूच उठून तंबाखू मळावयास बाहेर जातात, हें आम्हीं पुष्कळ सभांतून पाहिलें आहे. त्यांत त्यांचा दोष नाहीं. आजवर कायदा त्यांच्या दारीं आला तो जप्तीचा कागद किंवा जंगलखात्याचा दंड घेऊनच आला. म्हणून आम्ही पुस्तकापासून आरंभ न करितां धानाच्या पुंजण्यापासून करतों.

रोवणीचें असो कीं आवत्याचें, धान कापून झालें, कडपा वाळल्या, भारे बांधले आणि बांधीच्या धुऱ्याशीं पुंजणें रचलें, म्हणजे घरधनी त्या रात्रीं वर्षांतली पहिली सुखाची झोंप घेतो. वास्तविक त्याच रात्रीपासून त्यानें जागें राहावयास पाहिजे. उभ्या हिरव्या पिकास कोणी काडी लावली तर तें पेटत नाहीं. वाळलेल्या पुंजण्यास एक काडी पुरते, आणि साऱ्या घराचें वर्षाचें अन्न पाहतां पाहतां राख होतें. तणसही जातें, म्हणजे बैल उपाशी. हें पुंजणें पौषापर्यंत, कधीं माघापर्यंत उघड्यावर राहतें. कां राहतें? मळणीचें यंत्र सडकेवरच्या गांवांत आधीं फिरतें, आडरानांतल्या टोल्यावर सर्वांत शेवटीं. सरकारी खरेदीचें केंद्र उशिरां उघडलें तर चुरलेलें धान ठेवावयास घरांत जागा नसते. पुंजणें जाळणारा गुन्हेगार आहेच. परंतु तें दोन महिने उघड्यावर ठेवावयास लावणारी दिरंगाई कोणत्याच कलमांत बसत नाहीं, हेंही जातां जातां सांगून ठेवतों.

मागें एका हंगामांत आम्ही एका गांवीं मुक्कामास होतों. मध्यरात्रीं ओरडा झाला. आम्ही पोहोंचलों तोंवर पुंजण्याचा निखारा झाला होता. सकाळीं राखेभोंवतीं गांव जमला. घरची म्हातारी न जळालेले दाणे सुपांत वेंचीत बसली होती. दोन बायका कुजबुजत होत्या कीं अमक्या विधवेनें परवां पुंजण्याकडे टक लावून पाहिलें. पुजाऱ्यास बोलवा, असें कोणी म्हणाला. धाकट्या भावाचा संशय धुऱ्याच्या भांडणांतल्या शेजाऱ्यावर होता. तो कोणाशीं न बोलतां बाटली घेऊन पेट्रोल आणावयास निघाला. ती बाटली आम्हीं वाटेंत काढून घेतली, एवढेंच काय तें आमच्या हातून बरें घडलें. थोरल्या भावास घेऊन आम्ही एका ठाण्यावर गेलों. तेथें त्याचें म्हणणें ऐकून घेतलें, वहींत “अकस्मात जळीत” अशी नोंद केली, आणि आम्हांस वाटेस लावलें. संशय कोणावर, धान किती, किंमत किती, यांतलें कांहीं लिहिलें नाहीं. त्या वेळीं कायदा आम्हांसही नीट ठाऊक नव्हता. आम्ही मान हलवून परत आलों. त्या आमच्या अज्ञानाचें भरणें त्या घरानें केलें. तपास झाला नाहीं, भरपाई मिळाली नाहीं, आणि धुऱ्याचें भांडण आजही तसेंच धुमसत आहे. तेव्हांपासून आम्ही हीं पुस्तकें वाचावयास घेतलीं.

आतां कायदा काय म्हणतो तें ऐका. ज्या इंग्रज सरकारनें 21 ऑक्टोबर 1858 रोजीं बाबूराव शेडमाके यांस चांद्यास फांसावर चढविलें, त्याच सरकारनें दोन वर्षांनीं, सन 1860 मध्यें, दंडसंहिता केली. त्या सरकारचे गोडवे आम्ही गात नाहीं. त्या पुस्तकाच्या 435 व्या कलमांत आग लावून नुकसान करणारास सात वर्षांपर्यंत कैद व दंड ठेविला होता. मात्र नुकसान 100 रुपयांचें असलें पाहिजे, अशी अट होती. शंभराचें सामान सावकाराच्या घरांत असे, रयतेच्या घरांत नसे. पुढें 1882 सालीं त्यांत दुरुस्ती झाली, कीं माल शेतीचा असेल तर 10 रुपयांचें नुकसानही पुरे. म्हणजे दहा रुपयांचें धान्य आणि शंभर रुपयांचें इतर सामान कायद्यानें एका तोलाचें मानलें. जोतीराव फुल्यांनीं “शेतकऱ्याचा असूड” लिहिला तो याच्या दुसऱ्या वर्षीं, 1883 सालीं. त्यांत शेतकऱ्याच्या घरांतल्या दैन्याचें जें वर्णन आहे तें वाचल्यावर, दहा रुपयांचें धान्य गेलें म्हणजे काय जातें हें निराळें सांगावें लागत नाहीं.

तें जुनें पुस्तक 1 जुलै 2024 पासून मिटलें. त्याच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या 326 व्या कलमांत आग किंवा स्फोटक यांनीं मालाचें नुकसान करण्याचा गुन्हा आहे, शेतींतल्या उत्पन्नाचें नांव त्यांत स्पष्ट घातलें आहे, शिक्षा तीच सात वर्षांपर्यंत, आणि रुपयांची अट अजिबात काढून टाकली आहे. एक भारा जाळला तरी हें कलम लागतें. ही सुधारणा चांगली झाली, आणि चांगल्यास चांगलें म्हणण्यास आम्हांस संकोच नाहीं. हा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे ठाण्यावरच्या अंमलदारानें न्यायाधीशाच्या हुकुमाची वाट न पाहतां तपास केला पाहिजे.

नुकसानीचा गुन्हा कशास म्हणावें, याविषयीं आपल्यांत मोठा घोटाळा आहे. दोन भावांचें सामाईक पुंजणें असलें आणि वांटणीच्या रागांत एकानें तें पेटविलें, तर गांव म्हणतो, घरचीच गोष्ट आहे, त्याचाही वांटा त्यांत होता. कायदा असें म्हणत नाहीं. सामाईक मालाचें नुकसान करणें हाही गुन्हाच. दुसऱ्याच्या पिकांत जाणूनबुजून गुरें घालणें हेंही त्यांत येतें. हें उदाहरण तर जुन्या संहितेंत शब्दशः दिलेलें होतें. तसेंच जमीन आपल्या नांवावर नाहीं, वनहक्काचा पट्टा अद्याप हातीं आला नाहीं, किंवा आपण दुसऱ्याची बांधी बटाईनें केली आहे, म्हणून आपली फिर्याद चालणार नाहीं असें पुष्कळांस वाटतें. भामरागडासारख्या मुलखांत हा प्रश्न घरोघरीं आहे. गुन्हा घडला कीं नाहीं हें सातबाऱ्यावर ठरत नाहीं. कोणाचेंही गैरवाजवी नुकसान करण्याचा हेतु किंवा जाणीव असली कीं पुरे. खबर तर कोणीही देऊं शकतो. राखण करणारा पोरगासुद्धां. आणि रोवणीपासून भारे वाहण्यापर्यंत जी बाई राबली, किती भारे होते हें जिला सर्वांहून अधिक ठाऊक, तिची जबानी घेऊं द्या. तिला घरीं ठेवून पुरुषांनींच ठाण्यावर जाण्याची चाल सोडून द्या.

येथवर आगीचें झालें. आतां मोडतोडीकडे वळूं, कारण आमच्या तक्रारीचें मूळ तेथें आहे.

पुंजणें न पेटवितां कोणी तें नाल्यांत लोटलें, यंत्राच्या टांकींत माती घातली, नांगर फोडला, फवाऱ्याचा पंप चेंचला, कुंभाराचें चाक मोडलें, तर 324 वें कलम लागतें. त्यांत शिक्षा नुकसानीच्या किंमतीवर ठरते. नुकसान 1 लाख किंवा अधिक असेल तर पांच वर्षांपर्यंत. 20,000 पासून लाखाच्या आंत असेल तर दोन वर्षांपर्यंत. आणि 20,000 च्या खालीं असेल तर फार तर सहा महिने, किंवा नुसता दंड. शिवाय ही शेवटची बाब अदखलपात्र. न्यायाधीशाच्या हुकुमावांचून पोलीस तिचा तपास करीत नाहींत. आतां हिशेब करा. 2025-26 च्या हंगामाचा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलास 2,369 रुपये होता. कोणी तुमचें नऊ क्विंटल धान नाल्यांत घातलें तर नुकसान झालें 21,321. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. आठ क्विंटल घातलें तर 18,952. शिक्षा सहा महिने. ज्याच्या घरीं सारें मिळून आठच क्विंटल पिकलें त्याचें सर्वस्व गेलें, आणि कायद्याच्या तराजूंत तेंच हलकें ठरलें. मोठ्या बागाइतदाराचा ट्रॅक्टर फोडणारा पांच वर्षें जाईल, आणि सुताराचा वांकस, करवत, रंधा नदींत फेंकून त्याच्या घरची चूल विझविणारा दंड भरून सुटेल.

जुन्या पुस्तकांत काय होतें? 427 व्या कलमांत 50 रुपयांच्या नुकसानीस दोन वर्षांपर्यंत कैद होती. 1860 सालीं 50 रुपये ही गरिबास मोठीच रक्कम होती हें खरें. पण ती रक्कम दीडशें वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली, आणि महागाई वाढतां वाढतां तें कलम गरिबाच्या औजारापर्यंत आपोआप खालीं उतरलें होतें. 2024 च्या जूनपर्यंत कुंभाराचें चाक मोडणारास त्या कलमांत ओढतां येत असे. नव्या पुस्तकानें पन्नासाचे वीस हजार केले, आणि कारागीर पुन्हां उंबऱ्याबाहेर राहिला. याविषयीं सभांतून फारशी ओरड झालेली आम्हीं ऐकली नाहीं. कायदा करणाऱ्यांच्या घरीं वीस हजारांच्या आंतलें औजार हें उपजीविकेचें साधन नसतें, हेंच याचें कारण असावें.

कोणी म्हणेल, किंमत पाहिल्यावांचून न्याय करावा तरी कसा? त्याचें उत्तर याच पुस्तकांत आहे. जनावर मारणें, विष घालणें किंवा लुळें करणें याची शिक्षा पूर्वीं पुष्कळ जनावरांच्या बाबतींत किंमतीवर होती. आतां 325 व्या कलमांत कोणतेंही जनावर असो, पांच वर्षांपर्यंत. शेतीचें पाणी कमी होईल असें कृत्य जाणून करणारासही 326 व्या कलमांत पांच वर्षांपर्यंत, किंमत विचारीत नाहींत. (म्हणून कोणी मोटार किंवा इंजिन मोडून तुमच्या बांधीचें पाणी तोडलें, तर फिर्यादींत पाणी तुटल्याचें आवर्जून लिहा, नुसतें यंत्र मोडलें एवढेंच लिहूं नका.) कायदा बैलाची किंमत विचारीत नाहीं, पाण्याची विचारीत नाहीं, जळालेल्या भाऱ्याचीही विचारीत नाहीं, मग बैलामागच्या नांगराचीच कां विचारतो?

आणि नांगराचें मोल कायद्यास कळत नाहीं असेंही नाहीं. 1908 च्या दिवाणी कायद्याचें 60 वें कलम आपल्या प्रत्येक घरांत पाठ असावें. सावकाराचा हुकूमनामा झाला तरी शेतकऱ्याचीं शेतीचीं औजारें, पोटापुरतें शेत करावयास लागणारीं गुरें व बियाणें, आणि कारागिराचीं हत्यारें जप्त करतां येत नाहींत. लोहाराची ऐरण आणि भाता बेलिफास उचलतां येत नाहीं. हें साधन गेलें तर माणूस जगणार नाहीं, हें दिवाणी पुस्तकानें ओळखलें; फौजदारी पुस्तकानें मात्र तें बाजारभावानें मोजलें. जें औजार न्यायालयाच्या बेलिफापासून राखून ठेविलें, तें द्वेषानें मोडणारास, औजार कितीही स्वस्त असो, जास्त शिक्षा असावी, अशी आमची मागणी आहे. 1882 सालीं परक्या सरकारनें शेतमालासाठीं जो निराळा हिशेब केला, तो औजारासाठीं करावयास आपल्या विधिमंडळास जड जाऊं नये.

या जिल्ह्यानें मोठ्या आगीही पाहिल्या आहेत. 2016 च्या डिसेंबरांत सुरजागड येथें खाणीच्या कामावरच्या सत्तरांहून अधिक गाड्या जाळल्या. 1 मे 2019 रोजीं कुरखेडा तालुक्यांत दादापूर येथें सडकेच्या कामाचीं यंत्रें जाळलीं, आणि त्याच दिवशीं जांभुळखेड्याजवळ सुरुंगानें पंधरा पोलीस व त्यांचा गाडीवान ठार झाले. तेंदूच्या हंगामांत फळीवर वाळत घातलेलीं पानेंही बंदूकवाल्यांनीं जाळलीं. सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधून ज्या बायापोरांनीं पहांटेपासून उन्हें काढलीं त्यांच्या नांवानेंच लढा चालला आहे असें सांगून जाळलीं. 2025 च्या ऑक्टोबरांत सुमारें साठ जणांनीं गडचिरोलींत शस्त्रें खालीं ठेविलीं, हें बरें झालें. पण आमच्या मनांतून एक गोष्ट जात नाहीं. गाड्या जळाल्या तेव्हां मुंबई-दिल्लीचीं पत्रें भरून निघालीं. पुंजणें जळतें तेव्हां जिल्ह्याच्या पत्रांत चार ओळी, त्याही नांवांच्या चुकांसह.

आतां पुढचा हंगाम येईल. पुंजणीं एकमेकांस लागून रचूं नका, आणि चार घरांनीं मिळून पाळीपाळीनें जागल करा. एवढें करूनही जळलें, तर राख हलवूं नका. काडीपेटी, बाटली, पावलें, जें असेल तें तसेंच राहूं द्या. पोलीस पाटलास बोलवा आणि लगेच ठाण्यावर जा. आपल्या हद्दीचें ठाणें लांब असेल तर जवळच्या कोणत्याही ठाण्यावर खबर द्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमाप्रमाणें ती घ्यावीच लागते. तुम्ही तोंडानें सांगा, त्यांनीं लिहावें, आणि लिहिलेलें वाचून दाखवावें. माडिया बोलणाऱ्या माणसानें मराठी कागदावर न कळतां अंगठा उठवूं नये. कळेल अशा भाषेंत सांगणारा कोणी बरोबर न्या. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती घेतल्यावांचून उठूं नका. “अकस्मात जळीत” लिहूं लागले तर म्हणा, आमचा संशय आग लावल्याचा आहे, तो लिहा. ऐकलें नाहीं तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांस टपालानें लेखी कळवा; तेवढाही अधिकार कायद्यानें दिला आहे. पंचनाम्यांत भारे किती, बांध्या किती, खंडी किती, क्विंटल किती, हमीभावानें रुपये किती, तणसाचे किती, सारें घाला. नांव ठाऊक नसेल तर अज्ञात इसम म्हणा. भांडण आहे म्हणून खोटें नांव घालूं नका. खोटी खबर हाही गुन्हा आहे.

विम्याची आशाही जपून धरा. प्रधानमंत्री पीक विम्यांत महाराष्ट्रांत 2024 च्या हंगामापर्यंत कापून पसरलेल्या धानास चौदा दिवसांपर्यंत अवकाळी पाऊस, गारा, वादळ यांचें संरक्षण होतें. द्वेषानें केलेलें नुकसान त्यांतून वगळलें आहे. 2021 सालापासून छत्तीसगडांतले रानटी हत्ती या जिल्ह्यांत फिरूं लागले. हत्तीनें धान तुडविलें तर जंगलखातें भरपाई देतें, माणसानें जाळलें तर कोणी देत नाहीं. म्हणून आरोपी सांपडला आणि खटला उभा राहिला, तर सरकारी वकिलास पहिल्याच दिवशीं सांगा कीं 395 व्या कलमाखालीं आरोपीकडून भरपाई मागा. तो अधिकार न्यायाधीशास आहे, पण न मागतां क्वचितच मिळतो. त्या वेळीं पंचनाम्यांतले आंकडेच कामास येतात.

राहिली ती विधवा. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणें कोणास चेटकीण ठरवून छळणें हा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पुंजणें नजरेनें पेटत नाहीं, काडीनें पेटतें. आणि काडी लावणाऱ्यास पुजाऱ्याइतकें दुसरें कोणी उपयोगीं पडत नाहीं, कारण गांव बाईच्या मागें लागला कीं तो निर्धास्त होतो. धाकट्या भावासही आम्हीं हेंच सांगितलें होतें. त्यानें शेजाऱ्याचें पुंजणें पेटविलें असतें तर त्याच सात वर्षांच्या कलमांत तो स्वतः गेला असता, आणि जळालेल्या घराचा कमावता हातही गेला असता.

आपल्या लोकांस कागदाचें भय कां, हें आम्ही जाणतों. 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकरी उठले. सावकारांचे कर्जरोखे बाहेर काढून त्यांनीं जाळले. बहुतेक ठिकाणीं माणसाच्या अंगास हात लावला नाहीं, रोख होता तो कागदावर. कारण तो कागद दुसऱ्यानें लिहिलेला होता, आणि त्यावर यांचा फक्त अंगठा होता. चार वर्षांनीं, 1879 सालीं, दक्खनच्या शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा करावा लागला. आम्ही मागतों तो कागद तुम्ही सांगितलेला, तुमच्या आंकड्यांचा आणि तुमच्याजवळ नक्कल असलेला आहे.

येत्या बाजारापासून हंगाम संपेपर्यंत दर बाजाराच्या दिवशीं आम्ही येथेंच झाडाखालीं बसूं. ज्याचें पुंजणें जळलें, औजार मोडलें, त्यानें यावें. फिर्यादीचा मसुदा फुकट लिहून देऊं, कागद-शाई आमची. आज सभा उठल्यावर प्रत्येक घरानें आपल्या औजारांची यादी किंमतीसह करून ठेवावी. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून लिहवून घ्यावी, आणि बाजारीं येतांना बरोबर आणावी.